एबीएसच्या रिलेसाठी हत्यारं: स्कॅनर बोलतो, पण निकाल एकवीस वॅटचा बल्ब देतो

एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला की गाडीवाला गाडीच्या सॉकेटात खोचून मोबाइलवर कोड दाखवणारा डोंगल मागवतो, गॅरेजवाला स्कॅनर लावतो. दोघांच्याही पुढ्यात बहुतेक वेळा एकच ओळ येते: 'मोटर रिले सर्किट' किंवा 'व्हॉल्व्ह रिले'. ओळीत रिले लिहिलंय म्हणून रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बदलला जातो, दिवा दोन दिवस गप्प बसतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लागतो. ओळीतला महत्त्वाचा शब्द 'सर्किट' हा असतो आणि नेमका तोच कुणी वाचत नाही. रिलेला येणारा करंट, त्याचं अर्थिंग, फ्यूजची पकड, कपलर (वायरींचा जोड), मोटर आणि मधली वायर या सगळ्यांचा मिळून तो एक कोड आहे.

हा एकच फॉल्ट शोधायचा असेल तर बाजारातलं कोणतं सामान पैशाला जागतं, एवढंच इथे तपासलं आहे. स्वस्त ब्लूटूथ डोंगल, एबीएस वाचणारा हातातला स्कॅनर, डिजिटल मीटर, क्लॅम्प मीटर, प्लग-इन रिले टेस्टर, पॉवर प्रोब आणि दोन वायरी लावलेला बल्ब. पहिला नंबर बल्बचा. कारण पुढे येईलच.

आधी दिव्याकडे बघा, ते फुकट आहे

एबीएसमध्ये दोन रिलेंची कामं वेगळी असतात. व्हॉल्व्ह रिले, ज्याला काही कंपन्या सोलेनॉइड रिले किंवा फेल-सेफ रिले म्हणतात, तो हायड्रॉलिक युनिटमधल्या सगळ्या व्हॉल्व्हना सप्लाय देतो. चावी ऑन केली, मॉड्यूलने (एबीएसच्या कंट्रोल युनिटने) स्वतःची तपासणी केली, सगळं ठीक असलं की हा रिले ओढला जातो, म्हणजे त्याचे आतले पॉइंट जुळतात, आणि साधारण तीन सेकंदांत दिवा विझतो. गाडी चालू आहे तोवर तो ओढलेलाच राहतो. मोटर रिले मात्र एरवी झोपलेला असतो. गाडी हलल्यावर, बऱ्याच मॉडेलांत ताशी १० ते २० किलोमीटरच्या आसपास, मॉड्यूल पंपाच्या मोटरला क्षणभर फिरवून बघतं. बॉनेटच्या बाजूने 'खर्र' असा बारीक आवाज येतो तो हाच.

यातून हत्याराशिवाय पहिली वाटणी होते. दिवा चावी ऑन केल्यावर विझतच नसेल तर संशय व्हॉल्व्ह रिले, सप्लाय किंवा मॉड्यूलवर जातो. दिवा नीट विझतो आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर लागतो, तर मोटरचं सर्किट किंवा चाकाचा स्पीड सेन्सर. तो 'खर्र' आवाज आला का, हे खिडकी खाली करून, रेडिओ बंद करून ऐका. आवाज आला आणि तरीही दिवा लागला तर रिलेपेक्षा सेन्सरकडे बघणं शहाणपणाचं.

पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, आणि तेलाची पातळी व हँडब्रेक ठीक असेल, तर ईबीडीही (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) बंद पडलेलं असू शकतं. साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी जाऊ शकते. अशा गाडीने घाट उतरू नये.

डोंगल: इंजिनापुरता

चार-पाचशे रुपयांत मिळणारे 'ईएलएम ३२७' डोंगल हे बहुतेक सगळे नकला आहेत. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, आणि ती कंपनी २०२२ साली बंद झाली. नकलेच्या डब्यावर बऱ्याचदा 'व्ही १.५' असं छापलेलं असतं. गंमत म्हणजे मूळ कंपनी १.४ वरून थेट २.० वर गेली, १.५ तिने कधी काढलंच नाही.

पण अडचण नकलेची नाही. ओबीडी-२, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटाची ठरलेली पद्धत, तिचा जो भाग सगळ्या गाड्यांना सारखा आणि बंधनकारक आहे तो प्रदूषणाशी संबंधित, म्हणजे इंजिनाचा. एबीएसशी बोलण्याची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. त्यामुळे साध्या मोफत ॲपमध्ये 'एकही फॉल्ट नाही' असं हिरव्या अक्षरात दिसतं आणि डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा तसाच जळत असतो. ॲपने एबीएसला विचारलेलंच नसतं.

याला दोन चांगले अपवाद आहेत. जुन्या फिगो, इकोस्पोर्ट, एंडेव्हरवाल्यांनी फोरस्कॅन हे ॲप वापरावं. फोर्डचं एबीएस ते नीट वाचतं आणि बऱ्यापैकी डोंगलवर चालतं. चाकणहून निघालेल्या पोलो-व्हेंटोसारख्या गाड्यांना व्हीसीडीएस हे सॉफ्टवेअर आणि त्याची स्वतःची केबल लागते. ती महाग आहे, पण '०३ एबीएस ब्रेक्स' या पत्त्यावर जाऊन कोडही वाचते आणि आउटपुट टेस्टमध्ये पंपही फिरवून दाखवते. बाकी कुणी केवळ एबीएससाठी डोंगल घेणार असेल तर घेऊ नये.

टोयोटावाल्यांना एक वायरचा तुकडा पुरतो

स्कॅनरवर खर्च करण्याआधी हे माहीत हवं. टोयोटाच्या २००० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत ओबीडी सॉकेटमधल्या १३ आणि ४ या पिना जोडल्या की एबीएसचा दिवाच कोड मोजून दाखवतो. सॉकेटची रुंद बाजू वर धरा. वरच्या ओळीत डावीकडून चौथी ती ४, खालच्या ओळीत डावीकडून पाचवी ती १३. चावी बंद असताना जोडा, मग ऑन करा. खालच्या ओळीत अगदी उजवीकडची १६ नंबरची पिन थेट बॅटरीची आहे. तिला वायर लागली तर फ्यूज उडालाच म्हणून समजा.

दिवा सलग एकसारखा, भराभर लुकलुकला तर कोड नाही. कोड असेल तर आधी दहाचा आकडा, दीड सेकंदाची विश्रांती, मग एककाचा. रिलेशी संबंधित चार: ११ म्हणजे सोलेनॉइड रिलेचं सर्किट तुटलेलं, १२ म्हणजे शॉर्ट, १३ मोटर रिलेचं तुटलेलं, १४ मोटर रिलेचं शॉर्ट. स्कॅनरवर हेच अनुक्रमे सी०२७८, सी०२७९, सी०२७३ आणि सी०२७४ म्हणून दिसतात. दुरुस्तीनंतर, वायर जोडलेली आणि चावी ऑन असताना, पाच सेकंदांत आठ वेळा ब्रेक दाबला की कोड पुसले जातात. पाय जरा चपळ हवा.

स्कॅनर: काय वाचतो यापेक्षा काय करायला लावतो ते बघा

आठ-दहा हजारांपासून पुढे एबीएस वाचणारे हातातले स्कॅनर मिळतात. लाँच सीआरपी १२३ च्या वर्गातले स्कॅनर इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस आणि एअरबॅग अशा चार सिस्टिम वाचतात. कोड वाचायला आणि पुसायला ते पुरेसे आहेत. पण रिलेच्या कामात खरी किंमत ॲक्टिव्ह टेस्टची असते, म्हणजे स्कॅनरवरून बटण दाबून पंप मोटर फिरवता येते का, आणि लाइव्ह डेटामध्ये 'मोटर रिले', 'व्हॉल्व्ह रिले' ऑन-ऑफ दिसतात का. चार सिस्टिमवाल्या वर्गात ॲक्टिव्ह टेस्ट सहसा नसते. दुकानदार 'सगळं होतं' म्हणेल. आपली गाडी दारात उभी करून मेनू उघडायला सांगा.

दुसरी अट भारतीय गाड्यांची. बाहेरून आलेल्या स्कॅनरच्या यादीत 'सुझुकी' असतं, 'मारुती' नसतं. ह्युंदाई असतं, पण इथलं मॉडेल नसतं. महिंद्रा आणि टाटाचं एबीएस उघडतं का, हे विकत घेण्याआधीच तपासावं.

कोड वाचताना हे चार-पाच लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होतं. सुझुकी-मारुतीत सी१०५७ म्हणजे मॉड्यूलच्या सप्लायचं सर्किट, सी१०६१ पंप मोटर किंवा तिचा ड्रायव्हर (मॉड्यूलमधला तिला चालू-बंद करणारा भाग), सी१०६३ सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या सप्लायचा ड्रायव्हर. ह्युंदाई-कियात सी२११२ व्हॉल्व्ह रिले, सी२४०२ मोटर, आणि सी११०२ बॅटरीचा व्होल्टेज कमी. यातला शेवटचा कोड वरच्या दोघांपैकी कुणाबरोबर आला असेल तर रिलेला हात लावू नका. आधी बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थिंग. मॉड्यूलला पोटभर व्होल्टेजच मिळत नसेल तर ते रिलेलाच दोष देणार.

कोड पुसून चावी बंद-ऑन करा. लगेच परत आला तर फॉल्ट आत्ता हजर आहे, शोधायला सोपा. हलवल्यावर, पावसात किंवा इंजिन तापल्यावर येत असेल तर स्कॅनरचं काम तिथेच संपलं.

मीटर खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो

दीडशे-दोनशे रुपयांचा पिवळा डीटी ८३० मीटर जवळपास प्रत्येक वायरमनच्या पेटीत असतो. फ्यूजवर, रिलेच्या सॉकेटवर लावला, १२.६ दाखवले, 'करंट आहे' म्हणून पुढे. चूक इथेच होते.

या मीटरचा अंतर्गत रोध सुमारे दहा लाख ओहम. म्हणजे मोजताना तो वायरमधून फक्त बारा-तेरा मायक्रोअँपिअर ओढतो. वीस तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक राहिली असेल किंवा टर्मिनलवर हिरवा कळंक चढला असेल, तरी एवढासा करंट आरामात जातो आणि मीटर पूर्ण १२.६ दाखवतो. मोटर मात्र वीसेक अँपिअर मागते. तेवढे देताना तीच वायर मान टाकते.

बझरची गोष्ट आणखी वाईट. साधारण ३० ते ५० ओहमच्या खाली काहीही असलं की तो वाजतो. रिलेचे पॉइंट जळून तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला आहे असं धरा. बझर खणखणीत वाजेल. २०० ओहमच्या रेंजवर ०.८ दिसेल, त्यातले ०.३ मीटरच्याच वायरींचे. बघणारा म्हणेल, शून्यच आहे की. पण या अर्ध्या ओहममधून वीस अँपिअर न्यायचे तर दहा व्होल्ट रिलेतच खपायला हवेत. प्रत्यक्षात मोटरला जेमतेम निम्मा व्होल्टेज मिळतो, ती कण्हते किंवा फिरतच नाही, आणि मॉड्यूल कोड टाकून मोकळं होतं.

मीटर टाकून देऊ नका, लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना, वापरा. कॉइल मोजायला तो उत्तम आहे. नेहमीच्या १२ व्होल्टच्या चौकोनी रिलेची कॉइल ८५ आणि ८६ या पिनांमध्ये बहुधा ७० ते १०० ओहम दाखवते. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. वीस-पंचवीस दाखवले तर आत शॉर्ट आहे, आणि असा रिले मॉड्यूलमधला ड्रायव्हरही घेऊन जाऊ शकतो. जरा बरा मीटर घेणार असाल तर मिन-मॅक्स बटण असलेला घ्या. गाडी खड्ड्यातून जाताना व्होल्टेज क्षणभर कुठवर पडला, हे त्याशिवाय कळत नाही. आणि डीटी ८३० च्या १० अँपिअरच्या भोकाला बऱ्याचदा आत फ्यूजच नसतो. प्रोब त्या भोकात राहिला आणि तुम्ही बॅटरीवर लावला तर प्रोबची टोकं वितळतात.

बल्ब: तीस रुपये, पाच पैकी पाच

मागच्या ब्रेकलाइटचा २१ वॅटचा एक-पॉइंट बल्ब, त्याचा होल्डर, दीड स्क्वेअर मिलिमीटरची दोन मीटर वायर, एक मगरचिमटा, १० अँपिअरचा फ्यूज आणि त्याचा होल्डर, आणि दुसऱ्या टोकाला ६.३ मिलिमीटरचा मेल टर्मिनल. नाना पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं. टर्मिनल मेलच हवा. मीटरचा जाड प्रोब रिलेच्या सॉकेटमध्ये कोंबला की आतली पाकळी फाकते, आणि जो फॉल्ट नव्हता तो आपणच करून ठेवतो. छोट्या मायक्रो रिलेसाठी ४.८ चा मेल वेगळा ठेवा.

हा बल्ब १.७५ अँपिअर ओढतो. आणखी कडक परीक्षा हवी असेल तर हेडलाइटचा ६०/५५ वॅटचा एच४ बल्ब घ्या. त्याचा साठ वॅटचा फिलामेंट ५ अँपिअर ओढतो. वरचाच अर्ध्या ओहमचा जळका पॉइंट आता बघा: २१ वॅटच्या बल्बवर त्याच्या दोन टोकांत सुमारे ०.८ व्होल्ट दिसतील, हेडलाइटच्या बल्बवर दोन व्होल्टच्या वर. बझरला जो रिले चांगला वाटला तो इथे उघडा पडतो.

सॉकेटची तपासणी अशी. चावी बंद, रिले बाहेर. सॉकेटच्या ३० नंबरवर (बॅटरीचा सप्लाय येणारी पिन) बल्बचं एक टोक, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. तो पेटलेला असतानाच मीटरची लाल वायर बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावरच) आणि काळी ३० वर. हेडलाइटचा बल्ब लावून ०.१ व्होल्टच्या आत आलं तर वायर आणि फ्यूज निर्दोष. ०.२ आलं तर? पाच अँपिअरला ०.२ म्हणजे वीस अँपिअरला ०.८, म्हणून मोठा फ्यूज काढून त्याचे पाय आणि बोल्ट तपासा. एबीएसचे हे फ्यूज गाडीनुसार ३० ते ६० अँपिअरचे, बऱ्याचदा बोल्टने आवळलेले असतात. बोल्ट ढिला झाला की फ्यूज शाबूत दिसतो, पण बुड तापून प्लास्टिक पिवळं पडलेलं असतं.

अर्थिंगला हीच युक्ती उलटी लावायची. बल्बचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं मॉड्यूलच्या अर्थिंगच्या पिनवर, आणि मीटर त्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत. कोकणात आणि मुंबईच्या किनाऱ्याला दोन-तीन पावसाळे काढलेल्या गाडीत पहिली शंका इथेच घ्यावी. अर्थिंगचा बोल्ट बाहेरून ठीक दिसतो, पण रिंगखाली गंज असतो. बोल्ट काढून पत्रा चकाकेपर्यंत घासा, आवळा, वरून ग्रीस लावा. अनेक 'रिले फॉल्ट' इथेच संपतात आणि बिल होतं सँडपेपरचं.

शेवटी रिलेचीच परीक्षा. ३० वर बॅटरी, ८७ वरून (रिलेतून करंट बाहेर पडणारी पिन) बल्ब, बल्बचं दुसरं टोक निगेटिव्हला. ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला निगेटिव्ह देऊन वीसेक वेळा चालू-बंद करा. बल्ब दर वेळी तेवढाच उजळ पेटतो का बघा, आणि पेटलेला असताना ३० ते ८७ मध्ये मीटर लावा. ०.१ च्या वर गेलं की रिले बाद. मग हेअर ड्रायरने रिले गरम करून पुन्हा तेच करा, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके टकटक करा. थंडीत किंवा उन्हात रुसणारा रिले इथे सापडतो, कारण आतली झाळ (सोल्डर) भेगाळलेली असते आणि ती तापमानानुसार उघड-मिट करते. रिलेवर छापलेल्या आकृतीत कॉइलशेजारी डायोडचं चिन्ह असेल तर ८५-८६ उलटे लावू नका. डायोड तिथल्या तिथे जातो.

आता बल्ब कुठे लावायचा नाही, ते. रिलेच्या कॉइलची जी पिन मॉड्यूलकडे जाते तिला बल्ब कधीही लावू नका. तो ड्रायव्हर कॉइलपुरता, म्हणजे ०.२ अँपिअरच्या आतबाहेर काम करायला बनवलेला असतो. त्यातून पावणेदोन अँपिअर ओढले तर तीस रुपयांच्या बल्बने हजारोंचं मॉड्यूल जाळल्यासारखं होईल. त्या बाजूला मीटर किंवा एलईडी टेस्टर. शिवाय बल्ब तापतो. पेटता बल्ब बॅटरीवर किंवा प्लास्टिकच्या कव्हरवर ठेवून चहाला जाऊ नये.

मोटर रिले बाहेर असलेल्या जुन्या गाड्यांत ३० आणि ८७ थेट जोडून मोटर फिरते का हे बघता येतं. वायरमध्ये ३० अँपिअरचा फ्यूज हवा आणि वेळ दोन सेकंद, त्याहून जास्त नाही. ही मोटर सतत चालण्यासाठी बनलेलीच नाही.

बाकीची तीन, थोडक्यात

प्लग-इन रिले टेस्टर दिसायला मोहक असतो. रिले खोचा, चिमटे बॅटरीला लावा, हिरवा दिवा म्हणजे पास. पण यातले बहुतेक पॉइंटवर मोटरसारखा लोड टाकत नाहीत, त्यामुळे जळक्या पॉइंटचा रिलेही पास होतो. रोज पंचवीस रिले तपासणाऱ्या दुकानाला चाळणी म्हणून ठीक आहे, गाडीवाल्याने घेऊ नये.

क्लॅम्प मीटर घ्यायचा तर डीसी मोजणारा घ्या. स्वस्तातले कित्येक फक्त एसी मोजतात आणि ते गाडीत शून्य दाखवत बसतात. युनि-टीचा यूटी २१०ई चारएक हजारांच्या घरातला, १०० अँपिअरपर्यंत डीसी वाचतो, आणि त्याचा जबडा लहान असल्याने गर्दीतल्या वायरीलाही लागतो. स्कॅनरवरून मोटर फिरवायची आणि तिच्या जाड वायरीला हा लावायचा. करंट वाहतोय पण मोटरचा आवाज नाही, म्हणजे मोटर जाम. करंटच नाही, म्हणजे रिले, वायर किंवा मोटरचे कार्बन (ब्रश). प्रत्येक वेळी मोजण्याआधी झिरोचं बटण दाबायचं विसरू नका.

पॉवर प्रोब बटण दाबलं की टोकावर बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज देतो. सवयीच्या हातात वेळ वाचतो. नवशिक्याने एबीएसच्या कपलरवर तो वापरू नये. चुकीच्या पिनवर एकदा बटण दाबलं की पुढचा हिशेब मॉड्यूलच्या किमतीत होतो.

रिले उसना घेऊन बघणं

'हॉर्नचा रिले काढून इथे लावून बघ' हा सल्ला सर्रास मिळतो. पिनांची मांडणी, अँपिअर आणि डायोड तिन्ही जुळले तरच तो चालतो. हॉर्नचा चार पिनांचा रिले व्हॉल्व्हच्या पाच पिनांच्या जागी लावलात तर आणखी एक घोटाळा होतो. जुन्या बॉश रचनेत व्हॉल्व्ह रिले सुटलेला असताना एबीएसचा दिवा त्याच्याच ८७ए पिनमधून (रिले सुटलेला असताना जोडली जाणारी पाचवी पिन) अर्थिंग घेतो, म्हणून रिले ओढला गेला नाही की दिवा आपोआप लागतो. ८७ए नसलेला रिले लावला की हा मार्गच तुटतो. दिवा विझतो, एबीएस मात्र मेलेलंच असतं. अशी गाडी 'दुरुस्त' म्हणून विकायला ठेवलेलीही सापडते, म्हणून जुनी गाडी घेताना चावी ऑन केल्यावर दिवा आधी लागतो का हे बघा, नुसता विझलेला आहे हे नाही.

डब्ल्यू १२४ चा चांदीच्या रंगाचा डबा

१९९५ पासून पुण्यात जोडल्या गेलेल्या मर्सिडीज डब्ल्यू १२४ अजूनही हौशी लोकांकडे आहेत, आणि त्यांच्या एबीएसच्या दिव्याचं सगळ्यात प्रसिद्ध कारण एबीएसमध्ये नसतंच. ज्या गाड्यांत ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन रिले वेगळा आहे (वर्ष आणि इंजिनानुसार रचना बदलते), त्यांत तो बॅटरीमागच्या कप्प्यात, डोक्यावर १० अँपिअरचा लाल फ्यूज घेऊन बसलेला असतो. तो एबीएसच्या मॉड्यूलला सप्लाय देतो, आणि केई-जेट्रॉनिकच्या (बॉशची जुनी इंजेक्शन पद्धत) पेट्रोल गाड्यांत इंजेक्शनच्या कंट्रोल युनिटलाही. म्हणून एबीएसचा दिवा आणि डगमगणारं आयडलिंग अशी जोडी दिसली की पहिला हात इथे.

फ्यूज उडालेला असेल तर का उडाला ते विचारा. ट्रकच्या २४ व्होल्टवरून स्टार्ट दिला किंवा बॅटरी न काढता वेल्डिंग केलं, तर तो उडणं हेच त्याचं काम आहे. फ्यूज शाबूत असेल तर चावी ऑन करून ८७ई पिनवर बल्बसकट व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी आलं तर डबा उघडा. आतल्या पाटीवर पिनांच्या मुळाशी बारीक गोल भेगा दिसतात. भिंगाखाली जुनी झाळ काढून नवी भरली की तोच डबा पुन्हा बरीच वर्षं जातो. नवा घ्यायचा तर जुन्यावरचा पार्ट नंबर आणि पिनांची संख्या जुळवूनच. एका फ्यूजचे आणि दोन फ्यूजचे डबे सारखेच दिसतात, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

रिले हाताला लागतच नाही तेव्हा

एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं, आणि या पिढीच्या गाड्यांत वेगळा रिले शोधायला जाऊ नका. दोन्ही रिले किंवा त्यांची जागा घेणारे ट्रान्झिस्टर मॉड्यूलच्या पोटात असतात. इथे बाहेरून करण्यासारखी परीक्षा एकच: मॉड्यूलच्या कपलरवर लोडसकट सप्लाय आणि अर्थिंग.

चावी बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, दोन मिनिटं थांबा, मग कपलरची पट्टी ओढून तो सोडवा. आत पाणी किंवा हिरवट थर दिसला तर उत्तर समोरच आहे. सर्व्हिसिंगला इंजिनावर प्रेशरने मारलेलं पाणी इथेच साचतं. वायरींवर दाताच्या खुणाही बघा, पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली मुक्कामाला येतात. मग निगेटिव्ह परत जोडा. कपलरमध्ये सहसा दोन जाड पिना सप्लायच्या (एक मोटरची, एक व्हॉल्व्हची) आणि दोन जाड अर्थिंगच्या असतात. कोणती कोणती, ते त्या गाडीच्या वायरिंग आकृतीवरून ठरवा, अंदाजाने नाही. दोन्ही सप्लाय दोन्ही अर्थिंगवर हेडलाइटच्या बल्बने तपासा. चारही जोड्यांत बल्ब लख्ख आणि व्होल्टेज बॅटरीच्या ०.२ च्या आत असेल, तरीही कोड जात नसेल, तरच मॉड्यूल दोषी ठरवा.

पूर्ण युनिट बदलणं सगळ्यात महाग आणि बऱ्याचदा अनावश्यक. पुष्कळ युनिटांत इलेक्ट्रॉनिक भाग हायड्रॉलिकपासून चार-सहा स्क्रू काढून वेगळा होतो, ब्रेकच्या पाइपला हातही लावावा लागत नाही. तो तेवढाच काढून मॉड्यूल दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवता येतो. तिथे देण्याआधी तीन प्रश्न विचारा: आतल्या जोडण्या नव्याने करता की जुन्यावर झाळ ओतता, टेबलावर मोटरच्या लोडसकट चालवून दाखवता का, आणि परत बसवल्यावर कोडिंग कोण करणार. दुसऱ्या गाडीचं मॉड्यूल आणून लावणार असाल तर कोडिंगशिवाय दिवा जात नाही. हायड्रॉलिक युनिटही बदललं तर ब्रेकची हवा स्कॅनर लावूनच काढावी लागते, नुसत्या पेडलने ती आतल्या व्हॉल्व्हमागून निघत नाही. आणि मोटर वेगळी काढून बघा, तिच्या खांबाला बल्बसकट बॅटरी दिल्यावर बल्ब पेटतच नसेल तर तिचे कार्बन संपलेले आहेत. अशा मोटरवर दुरुस्त केलेलं मॉड्यूल बसवलं तरी तोच कोड परत येतो, आणि दोष दुरुस्तीवाल्याच्या माथी जातो.